पट्टा आणि घाट

आशय आणि घाट एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, हे विधान आपण वर्गात इतक्या सहजतेने करतो की त्याची किंमत कुणी विचारत नाही. ती मला एका घड्याळात दिसली.

जेराल्ड जेंटा यांनी आरेखित केलेले ‘रॉयल ओक’ हे घड्याळ ओदमार पिगे या स्विस कंपनीने १९७२ साली आणले. पोलादी केस, अष्टकोनी कडे, त्यावर उघड दिसणारे आठ षट्कोनी स्क्रू आणि अनेक सोन्याच्या घड्याळांहून अधिक किंमत! पण त्यातली खरी क्रांती पट्ट्याची होती. एरवी पट्टा केसच्या दोन कानांमध्ये एका बारीक दांडीवर अडकवलेला असतो. इथे तो केसमधूनच उगवल्यासारखा निघतो आणि कडीगणिक निमुळता होत जातो.

ही एकात्मता निःसंशय सुंदर आहे. परंतु ती बंदिस्तही आहे. साध्या घड्याळाचा पट्टा झिजला की कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला दुसरा बसवून देतो आणि आजोबांचे घड्याळ नातीच्या मनगटावर नव्याने शोभते. रॉयल ओकला मात्र खास त्याच्याच मापाचा पट्टा लागतो.

आपली ओवी आठवावी. थोड्याफार फेरफाराने तिने ज्ञानेश्वरांचे तत्त्वचिंतन पेलले आणि जात्यावरच्या बायकांचे सुखदुःखही. आशयाशी अशी सैल गाठ असणे हा घाटाचा दोष कसा मानायचा? एकात्मता हा समीक्षेचा निकष जरूर असावा, एकमेव नसावा. वारसा पुष्कळदा सुट्या सांध्यातूनच पुढे जातो.