वसईच्या किल्ल्यात तहही वाचा

वसईचा किल्ला बघायला आलेले लोक साधारण एकाच वाटेने फिरतात. वसई रोड स्टेशनवरून बस किंवा रिक्षा, पारनाका, मग किल्ल्यात शिरणारा रस्ता. चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी एक फोटो, पडक्या चर्चच्या कमानीत दोन-चार फोटो, जेट्टीवर जरा वारा खाल्ला की झाला किल्ला बघून. लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी तर स्मारकापाशीही थांबत नाहीत. मी वसईतल्या एका मराठी शाळेत इतिहास शिकवला. आता ओळखीपाळखीचं कुणी आलं की किल्ला दाखवायचं काम माझ्याकडे येतं. माझी फेरी जरा लांबते आणि तिच्या शेवटच्या भागात पाहुणे हमखास चुळबुळ करायला लागतात. आजचा लेख त्या चुळबुळीबद्दल आहे.

पहिला भाग सगळ्यांना आवडतो. डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्या माणसाला आधी हे सांगावं लागतं की या तटाच्या आत एक अख्खं शहर नांदत होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना तोडून दिली आणि दोनच वर्षांत इथं किल्ला उभा राहू लागला. पुढची दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. नगरसभा होती, इस्पितळ होतं, कॉलेज होतं. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा पंथांचे मठ होते. मुंबईची बेटं तेव्हा वसईच्या अमलाखाली होती. रोज सकाळी लोकलला लटकून मुंबई गाठणाऱ्या वसईकरांना हे ऐकून फार बरं वाटतं.

मग मी त्यांना चर्चांच्या जमिनीकडे बघायला लावते. पाय कुठे पडतोय ते बघा, म्हणते, कारण फ्रान्सिस्कन चर्चमध्ये आपण थडग्यांच्या शिळांवरून चालत असतो. जेझुइट चर्चमधली एक शिळा इझाबेल द अगियार नावाच्या विधवेची आहे. कॉलेजला तिने सढळ हाताने मदत केली आणि १५९१ मध्ये ती वारली. याच वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवून मारलं. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिलं. त्याच्या सणाला आजही किल्ल्यात मिस्सा होते. हे सगळं सांगितलं की एखादे काका विचारतातच, "बाई, परक्यांचं एवढं कौतुक कशाला?" कौतुक नाहीच. ज्यांनी हे शहर उभं केलं त्यांनीच इथल्या रयतेची देवळं पाडली, धर्मासाठी तिचा छळ केला. त्या जाचाची तक्रार घेऊन अणजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले, हेही मी तिथेच उभं राहून सांगते. शिळा वाचल्याने राज्यकर्ते निर्दोष ठरत नाहीत. ते कोण होते, एवढं मात्र कळतं.

दुसरा भाग १७३९ चा. आधी १७३७ मध्ये ठाणं आणि साष्टी मराठ्यांच्या हाती आली होती. वसई मात्र सहजासहजी पडणारी नव्हती. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे खाडी, दलदल आणि तटावर तोफा. चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोर्चे पुढे सरकवत आणले, तटाखाली सुरुंग पेरले. सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. मराठ्यांची हजारो माणसं कामी आली. शरण आलेल्यांना मात्र लष्करी इतमामाने आणि मालमत्तेसह जाऊ दिलं गेलं, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यांतलीच, भीमाशंकरचीही. इथवर पाहुण्यांच्या माना ताठ असतात. कुणी ना कुणी घोषणा देतं आणि द्यावीच.

आता तिसरा भाग. त्याच वसईत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, चिमाजी अप्पांचे मोठे बंधू थोरले बाजीराव यांच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या बाजीरावाने, इंग्रजांशी तह केला. ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला होता. पेशवा पुण्यातून निघून महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजांच्या जहाजाने वसईला पोचला होता. समोर इंग्रजांचा वकील कर्नल बॅरी क्लोज. तहाने ठरलं ते असं: इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात कायम राहील, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या वसुलीचा मुलूख तोडून द्यायचा, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना नोकरीत ठेवायचं नाही, इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी युद्ध किंवा तह करायचा नाही. मे १८०३ मध्ये पेशवा पुण्याच्या गादीवर परत बसला. त्याच वर्षी शिंदे आणि भोसले असई, आडगाव, लासवाडीला इंग्रजांशी लढून हरले. १८१८ साली पेशवाई संपली आणि बाजीराव पेन्शन घेऊन बिठूरला गेला.

चुळबुळ सुरू होते ती इथे. कुणी घड्याळ बघतं, कुणाला पोराची भूक आठवते. एका गृहस्थांनी तर स्पष्टच सांगितलं, "हे मुलांसमोर नको." मला त्यांचा राग येत नाही, कारण आपण सगळे असेच शिकलो. १७३९ चा धडा ठासून आणि १८०२ ची एक तारीख गाळलेल्या जागा भरायला. शिवाय विजयाला खुणा असतात. त्याची घंटा वाजते, बुरुज हाताला लागतो, स्मारकापाशी फोटो निघतो. तहाचं तसं काहीच दिसत नाही. तो झाला कागदावर आणि कागद किल्ल्यात नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की तो दरवर्षी किल्ल्यात मोठ्याने वाचला जावा.

तारीख आयती आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री महाराष्ट्रातल्या कितीतरी किल्ल्यांवर गडप्रेमी तरुण पहारा देतात, बाटल्या घेऊन येणाऱ्यांना परत पाठवतात. हे काम मोलाचं आहे, कुणी सांगितलं नसताना ही पोरं थंडीत उभी राहतात. वसईपुरतं त्यांना एक काम जास्तीचं सुचवावंसं वाटतं. त्याच दिवशी दुपारी, उजेड असताना, शाळेतल्या मुलांनी किल्ल्यात बसून तहाची कलमं सोप्या मराठीत एकेक करून वाचावीत. भाषण नको, सत्कार नको, मंडपही नको. प्रत्येक कलमानंतर एकच प्रश्न विचारावा: यात आपण काय दिलं आणि त्या बदल्यात काय मिळालं? वाणिज्य शाखेतलं पोरही याचा हिशेब मांडू शकेल.

पराभव उगाळून काय मिळणार, असं कुणी म्हणेल. पहिली गोष्ट, बाजीराव भित्रा होता म्हणून राज्य गेलं, हे फार सोयीचं उत्तर आहे. १८०१ मध्ये यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला पेशव्याने पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. होळकर आणि शिंदे एकमेकांचा मुलूख जाळत होते. प्रत्येकाला दुसऱ्याला हरवायला तिसरा हवा होता आणि तो तिसरा मुंबईत तयार बसला होता. हे एका माणसाच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात आणि धडाही सुटतो. दुसरी गोष्ट, १७३९ ची किंमत १८०२ शिवाय कळत नाही. तेव्हा जे प्राण देऊन मिळवलं, ते जेमतेम त्रेसष्ट वर्षांत, त्या वेळी कुणीही तट फोडत नसताना, सही करून गेलं. वेढा घालायला हजारोंची एकजूट लागली होती. तो विजय घालवायला फक्त आपसातलं भांडण पुरलं.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. कार्यक्रमाला परवानगी लागेल, अर्ज करावे लागतील, खेटे पडतील. विजयोत्सवासाठी आपण हे सगळं आनंदाने करतो, तेव्हा एका दुपारच्या वाचनासाठीही करता येईल. किल्ल्यातून जाणाऱ्या रस्त्यानेच किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातली माणसं रोज ये-जा करतात. वाचनाला पहिलं आमंत्रण त्यांना द्यावं. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या तिन्ही राजवटी त्यांच्या दारावरून आल्या आणि गेल्या.

विजयाच्या दिवशी घोषणा द्यायला आपण शिकलोच आहोत. पण ज्या समाजाला स्वतःचा पराभव कलमवार वाचता येतो, तो पुढच्या वेळी सही करण्याआधी कागद नीट बघतो. वसईच्या मुलांना हे शिकवायला त्या किल्ल्याइतकी चांगली शाळा दुसरी नाही आणि तिथं जायला फी लागत नाही.