भिडू कोणता घ्यावा?

लहानपणी आट्यापाट्यांचे भिडू वाटून घेण्याची आमची रीत फार सोपी होती. दोन पोरे गळ्यात गळा घालून बाजूला जायची, कानात कुजबुजून एकाने आंबा व्हायचे आणि दुसऱ्याने चिंच, मग दोन्ही नायकांपुढे येऊन विचारायचे, आंबा हवा की चिंच? मागितले ते मिळे. कोण पळण्यात चपळ, कोण पाटी धरण्यात चिवट, हा विचार करायला नायकाला सवडच नसे, आणि त्यामुळे भांडणही नसे.

२०२५ च्या एप्रिलात मी मुलीकडे अमेरिकेत बाल्टिमोरला होतो. तेव्हा भिडू निवडण्यावरून एका सुखी मराठी घरात बापलेकांनी तीन दिवस एकमेकांशी कसा अबोला धरला, ते मात्र याचि डोळा पाहिले. वाद होता तिथल्या फुटबॉलच्या संघाने या वर्षी कोणत्या जागेसाठी गडी घ्यावा, याचा. संघ यांच्या मालकीचा नव्हे, संघाने यांना विचारलेले नव्हे. पण आपल्याकडे कसोटीचा संघ जाहीर होण्याच्या आदल्या रात्री चाळीच्या गॅलरीत जी निवड समिती बसते, तिला तरी कोणी विचारलेले असते?

वाचकहो, हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लांबट, टोकदार, आणि तो हातात घेऊन पळायचे. "मग याला फुटबॉल का म्हणायचे?" असे मी पहिल्याच दिवशी विचारून नातवाच्या नजरेतून उतरलो होतो. चढाई करणारे अकरा वेगळे, अडवणारे अकरा वेगळे. प्रत्येक जागेला निराळी अंगकाठी लागते. चेंडू फेकून सारा डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. आणि ती भिंत बाजूने फोडून क्वार्टरबॅकवर झेप घेणारे दुसऱ्या पक्षाचे चपळ दांडगे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणून तिथला राखणदार, त्याला लेफ्ट टॅकल म्हणतात, विशेष मोलाचा.

कॉलेजातून बाहेर पडणारी पोरे या ३२ संघांत वाटण्याचा जो एप्रिलातला सोहळा, तो 'ड्राफ्ट'. आपल्या आयपीएलसारखा तो लिलाव नाही. गेल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाने पहिला गडी उचलायचा, मग त्याच्या वरच्याने, अशा सात फेऱ्या. ही कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. चांगली पोरे नेहमी जिंकणाऱ्या संघांकडेच धाव घेत, आणि बेल यांचा संघ नेहमी हरणारा! फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिली निवड झाली. पहिलाच मान मिळालेला जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी पहिलीच निवड फुकट गेली. शकुन म्हणायचा तर तो हा.

आता आमच्या घरातला तंटा. बाल्टिमोर रेव्हन्सची पहिली पाळी त्या वर्षी २७ वी होती. जावयांचे मत असे की पुढच्या भिंतीला खिंडार पडले आहे, तिथे गवंडी हवा. नातवाचे मत असे की भिंती फोडणारा हवा. दोघांनी कागदावर याद्या केल्या होत्या, आणि त्या फ्रिजवर शेजारी शेजारी चिकटवल्या होत्या.

"आजोबा, तुम्ही सांगा. प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला निवांत उभं राहू दिलं तर मॅच कशी जिंकणार?"

"बाबा, त्याचं ऐकू नका," जावई म्हणाले. "आपलाच क्वार्टरबॅक आडवा झाला तर कुणी खेळायचं?"

दोघांचेही पटले, म्हणून मी चहा मागितला.

पण पुढचे दोन दिवस या विषयाची माहिती काढत बसलो, आणि मला वाटू लागले की दोघेही चुकीचा प्रश्न घेऊन बसले आहेत. या बाल्टिमोरचीच गोष्ट पाहा. १९९६ साली हा संघ क्लीव्हलँडहून इथे आला. नाव नवे, गाव नवे. गडी निवडण्याचे काम ओझी न्यूसम यांच्याकडे, तेही त्या कामात नवे. चौथी पाळी होती आणि संघाला हवा होता चेंडू घेऊन पळणारा, म्हणजे रनिंग बॅक. लॉरेन्स फिलिप्स नावाचा नामी पळणारा समोर होता, आणि मालकांचा कल त्याच्याकडे होता असे सांगतात. न्यूसमनी घेतला जोनाथन ऑग्डेन, सहा फूट नऊ इंचांचा लेफ्ट टॅकल. गंमत म्हणजे ती एकच जागा संघात भरलेली होती! पहिले वर्ष ऑग्डेनला शेजारच्या जागेवर उभे केले. पुढच्या वर्षी जुन्या टॅकलला दुसऱ्या संघाकडे धाडले आणि ऑग्डेन तिथे जो उभा राहिला तो २००७ पर्यंत. त्याच फेरीत २६ व्या पाळीला न्यूसमनी रे लुईस घेतला. जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकताना हे दोघेही संघात होते. पुढे दोघांचीही मानाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये वर्णी लागली. आणि फिलिप्स? सहाव्या पाळीला सेंट लुईसने त्याला नेले आणि पुढच्याच वर्षी सोडून दिले. त्याच्या मैदानाबाहेरच्या वागणुकीची चर्चा आधीपासून होती, ती गरजेच्या घाईत कानाआड झाली.

मंडईत यादी घेऊन गेलेल्या नवऱ्याची मला आठवण झाली. यादीत दुधी लिहिलेला. दुधी मिळाला तो जून, वाळका. शेजारी कोवळी लुसलुशीत वांगी. पण बापडा यादीशी प्रामाणिक. घरी आल्यावर काय होते ते मी सांगायला नको. त्यातून दुधी आज आणला तर आजच शिजतो. एकवीस-बावीस वर्षांचे पोर व्यावसायिक खेळात मुरायला दोन-तीन वर्षे घेते. तोवर आजचे खिंडार बुजलेले असते आणि दुसरीकडेच भगदाड पडलेले असते.

जावयांना मी हे ऐकवले. ते म्हणाले, "बाबा, सातही मुलगे गवई निघाले तर दुकानात कुणी बसायचं?" मुद्दा खोटा नाही. शिवाय सगळ्या जागांचे मोल सारखे नसते. क्वार्टरबॅक नसलेला संघ नवरदेवावाचून निघालेल्या वरातीसारखा, म्हणून त्या जागेसाठी सारे शहाणपण गुंडाळून ठेवतात. २०२४ मध्ये पहिल्या बारांत सहा क्वार्टरबॅक गेले. तिथे मीही गरजेच्या बाजूचा. बाकी जागांसाठी मात्र नाही.

आणि न्यूसमही काही त्रिकालज्ञ नव्हते, हे मला फार आवडले. २०१८ ही त्यांची शेवटची निवड. २५ व्या पाळीला त्यांनी हेडन हर्स्ट हा टाइट एंड घेतला. हा गडी भिंतीला हातभार लावतो आणि चेंडूही झेलतो. लमार जॅक्सन हा क्वार्टरबॅक तेव्हा समोर होता. त्याची जागा बदलावी, याला झेल घेणारा करावा, असे सांगणारे जाणते पुष्कळ होते. न्यूसमनी त्याला जाऊ दिले, आणि मग त्याच रात्री खटपट करून फेरीची शेवटची, ३२ वी पाळी मिळवून त्यालाच घेतले! २०१९ आणि २०२३ मध्ये तो साऱ्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हर्स्ट दोन हंगामांनी गेला. आणि त्याच वर्षी तिसऱ्या फेरीत, ८६ व्या पाळीला घेतलेला मार्क अँड्र्यूज त्याच जागेवर हर्स्टहून सरस निघाला.

रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यांनी केड मॅसी यांच्याबरोबर याच निवडीचा हिशेब मांडला आहे. एकाच जागेचे दोन गडी लागोपाठ घेतले गेले तर आधी घेतलेला पुढे सरस ठरण्याचे प्रमाण शेकडा ५२. नाणे उडवले तरी ५० मिळतातच की!

हे सारे ऐकून हसू येते, पण एक गोष्ट मनातून जात नाही. फ्रिजवरच्या त्या याद्यांत जागा होत्या, पोरे नव्हती. पोराला संघ निवडता येत नाही, संघ त्याला निवडतो. २०११ पासून पहिल्या कराराची रक्कमही कितव्या पाळीला घेतले त्यावर बांधलेली आहे. मग जाणत्यांचे मत फिरते आणि एखादी जागाच स्वस्त ठरते. रनिंग बॅकचे तसेच झाले. हा सर्वांत जास्त मार खाणारा गडी; चार-पाच वर्षांत गुडघे झिजतात, म्हणून त्याच्यावर पहिली पाळी खर्चू नये, असा विचार रुजला. २०१३ आणि २०१४ मध्ये तर पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. शाळेपासून चेंडू पोटाशी धरून पळत आलेल्या पोराने काय करायचे? झिजतो लवकर म्हणून पैसा कमी. आणि झिजतो लवकर म्हणूनच खरे तर पहिल्या चार वर्षांत त्याला जास्त मिळायला हवा. हे मी नातवाला म्हणालो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजोबा, तरी मी नाही घेणार पहिल्या फेरीत."

गुरुवारी रात्री, २७ वी पाळी. संघाने घेतला मलकाय स्टार्क्स, सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागे उभा राहणारा राखणदार. काइल हॅमिल्टनसारखा नाणावलेला सेफ्टी संघात आधीच होता. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिले. तीन दिवसांत पहिल्यांदाच दोघांचे एकमत झाले: संघ चालवणाऱ्यांना काही कळत नाही. शुक्रवारी दुसऱ्या फेरीत माइक ग्रीन हा भिंत फोडणारा आला आणि नातवाने त्याच्या यादीवर खूण केली. जावयांनी आपली यादी काढून घेतली.

शनिवारी दुपारी सहाव्या फेरीत संघाने टायलर लूप नावाचा किकर घेतला. किकर म्हणजे केवळ पायाने चेंडू मारण्यासाठी ठेवलेला गडी. दोघांपैकी कुणाच्याच यादीत ती जागा नव्हती. दोघेही मुकाट बसून राहिले. मी मात्र टाळी वाजवली. म्हटले, चला, संघाने एकदाचा फुटबॉल खेळणारा माणूस घेतला.