तो शर्ट धुतं कोण?

मैत्रिणींनो, आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचंय. विषय आहे गुंडांचे सिनेमे, आणि तेही जपानी! डोणगावात बसून ही बाई जपानी सिनेमावर काय लिहिणार, असं वाटलं ना? मलाही आधी तसंच वाटलं असतं. पण ही गोष्ट जपानात सुरू झाली नाही. आमच्याच घरात सुरू झाली, एका केकवरून.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा वीस वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे पाचला उठून मेहकर रोडनं पळतो. १६०० मीटरला किती वेळ लागला, ते रोज वहीत लिहून ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या एका मित्राचा वाढदिवस होता. केक कापायला कुणीतरी तलवार आणली. आमच्या पोराचा हात तलवारीच्या मुठीवर, डोळ्यांवर काळा गॉगल, शर्टाची वरची तीन बटणं उघडी. फोटो स्टेटसला लागला. दुसऱ्या दिवशी पोलिसांचं बोलावणं आलं. अशी तलवार बाळगणं, मिरवणं हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा ठरू शकतो, हे त्यातल्या एकाही पोराला माहीत नव्हतं. गुन्हा नोंदवला गेला. आता भरतीत उतरला, तर चारित्र्य पडताळणीत हे प्रकरण पुढं येणारच.

जाऊ माझ्याकडं आली आणि ओट्याला टेकून रडली. म्हणाली, "बाई, त्यानं कोणाले बोटही नाही लावलं. नुसती श्टाईल मारली."

नुसती स्टाईल! ते दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात.

दिवाळीत माझी मुलगी पुण्याहून आली. ती तिथं शिकते, फिल्म क्लबातही जाते. भावाचं प्रकरण तिच्या कानावर गेलं होतं. ती त्याला रागावली नाही. म्हणाली, "तुला गँगस्टरच आवडतात ना? मग चांगले तरी पाहा." आणि तीन रात्री तिनं आम्हाला लॅपटॉपवर तीन जपानी सिनेमे दाखवले. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती मराठीत सांगायची. मी आपली फराळाचे डबे भरता भरता बसले होते. तिसऱ्या रात्री जाऊही येऊन बसली.

पहिला सिनेमा होता सेइजुन सुझुकी या दिग्दर्शकाचा, १९६७ सालचा 'ब्रँडेड टू किल'. त्यातला नायक पैसे घेऊन माणसं मारणारा. आणि त्याला वेड कशाचं, तर शिजणाऱ्या भाताच्या वासाचं! भाताचं भांडं नाकाशी धरून तो डोळे मिटतो. मला तर हसूच फुटलं. बाकी गोष्ट काही केल्या उमजेना. एक प्रसंग कुठं संपतो, दुसरा कुठं सुरू होतो, पत्ता लागेना. मुलगी म्हणाली, "अगं, त्या कंपनीच्या मालकालाही कळला नव्हता." निक्कात्सु कंपनीनं खरोखरच १९६८ मध्ये सुझुकीला कामावरून काढून टाकलं. असले न समजणारे सिनेमे नकोत म्हणून! तो कोर्टात गेला, १९७१ मध्ये तडजोड झाली, पण जवळपास दहा वर्षं त्याला मोठ्या पडद्याचा सिनेमा मिळाला नाही.

त्याला कंपनी एकामागून एक त्याच त्या गुंडांच्या कथा द्यायची. कथा बदलण्याची मुभा नाही. मग त्यानं रंग बदलले, कपडे बदलले, मांडणी बदलली. आधीच्या वर्षीच्या 'टोकियो ड्रिफ्टर'मधला त्याचा गुंड तर आकाशी रंगाचा सूट घालून फिरतो आणि मधेच गाणं म्हणतो. मला ते लगेच पटलं. घरात रोज तेच वरण करायचं असेल, तर आपण काय करतो? फोडणी बदलतो! सुझुकीची स्टाईल ही अशी फोडणी आहे. आणि ती प्रामाणिक आहे. 'हा खेळ आहे, खरं मानू नका,' असं ती सारखी सांगत राहते. भाताचा वास घेणाऱ्या गुंडाची नक्कल कोण करेल?

दुसऱ्या रात्री किंजी फुकासाकु याचा १९७३ चा सिनेमा होता. नावाचा अर्थ साधारण असा, की ना इमान, ना माणुसकी, नुसत्या लढाया. त्याच्या आधी जपानात गुंडांचे जे सिनेमे चालत, त्यातला गुंड मोठा रुबाबदार असायचा. अंगात किमोनो, हातात तलवार, तोंडी इमानाच्या गोष्टी. पाहा, तिथंही तलवारच! फुकासाकुनं तो सगळा रुबाब उतरवून ठेवला. टोळीत राहिलेल्या एका खऱ्या माणसाच्या आठवणींवर त्यानं सिनेमा केला. सुरुवातच अणुबॉम्बच्या ढगानं होते. मग हिरोशिमाजवळचं कुरे गाव, १९४६ साल, काळा बाजार, भुकेली माणसं. कॅमेरा असा हलतो, की जणू कुणी पळता पळता चित्रं काढतंय.

त्यात एक प्रसंग आहे. टोळीची माफी मागायची म्हणून नायक स्वतःच्या करंगळीचं पेर कापतो. त्यांच्यात तशी रीत आहे. आपल्याला वाटतं, आता मोठा गंभीर प्रसंग होणार. आणि ते पेर उडून जातं अंगणात! सगळे गुंड कोंबड्यांमध्ये वाकून वाकून बोट शोधताहेत! पुतण्या खो खो हसला. आणि मग एकदम गप्प झाला. इतक्या इभ्रतीची ती रीत, आणि शेवटी कोंबडीच्या चोचीपाशी येऊन थांबली.

तिसऱ्या रात्री ताकेशी कितानोचा १९९३ चा 'सोनातिने'. या कामाला कंटाळलेला एक टोळीप्रमुख आपली माणसं घेऊन ओकिनावा बेटावर जातो आणि तिथं समुद्रकाठच्या एका घरात लपून बसतो. तिथं हे मोठाले गुंड काय करतात? कागदाचे पैलवान करून कुस्त्या लावतात, वाळूत खड्डे करून एकमेकांना पाडतात, फटाके उडवतात. अगदी आपल्या अंगणातली पोरं! आणि मधेच गोळी सुटते. ना गाणं, ना आरोळी. जो मेला तो पडतो, बाकीचे तसेच उभे राहतात. नायकाच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. स्टाईल यातही आहे, भरपूर आहे. पण ती माणसं आतून किती रिकामी झाली आहेत, ते या स्टाईलमधूनच कळतं. शेवटी तो गाडीत बसून स्वतःवरच गोळी झाडतो. आणि पुढं रस्त्यावर एक मुलगी त्याची वाट पाहत उभी असते.

सिनेमा संपला. कुणी बोलेना. तेवढ्यात जाऊ म्हणाली, "बाई, एवढा पांढराफेक शर्ट असते या मेल्याचा. थो धुतं कोण?"

आम्ही सगळ्या हसलो. पण नंतर भांडी आवरताना मला वाटलं, अख्ख्या चर्चेतला सगळ्यात शहाणा प्रश्न हाच होता.

कारण स्टाईल आणि आशय यांचं भांडण आपण चुकीच्या जागी लावतो. स्टाईल वाईट आणि आशय चांगला, असं काही नसतं. साडी नेसायचीच आहे तर नीट का नेसू नये? प्रश्न एवढाच, की ती स्टाईल काय दाखवते आणि काय झाकते. गोळी झाडणारा हात दाखवायचा आणि रक्ताचा शर्ट धुणारा हात झाकायचा, तिथं खोटेपणा सुरू होतो.

आपल्याकडचेच सिनेमे घ्या ना. १९९८ चा 'सत्या'. त्यातला भिकू म्हात्रे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण भिकूला खरा केला कुणी? रात्री-अपरात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला फैलावर घेणाऱ्या त्याच्या बायकोनं, प्यारीनं. १९९९ चा महेश मांजरेकरांचा 'वास्तव'. पावभाजीची गाडी लावणारा रघू गुंड होतो आणि आईसमोर गळ्यातली जाड सोन्याची साखळी मिरवतो. पोरांनी ती साखळी उचलली. त्याच पोराला शेवटी आईलाच गोळी घालावी लागते, ते मात्र कुणी उचललं नाही. रीमा लागूंचा तो चेहरा कुणाच्या स्टेटसला दिसला का कधी?

आणि २०१८ चा प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न'. तो तर आमच्या भागाला फार जवळचा. पुण्याशेजारच्या मुळशीतला शेतकरी जमीन विकतो, पैसा येतो तसा जातो, आणि मोहन जोशींनी उभा केलेला तो बाप हमालीवर येतो. पोरगा टोळीत जातो. आमच्या मेहकर तालुक्यातूनही समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये रस्ता पूर्ण झाला. जमिनी गेल्या, मोबदला आला. कुणी त्यातून दुसरीकडं शेत घेतलं, कुणी घर बांधलं. पण हाती आलेला पैसा आणि हातातून गेलेलं काम, यांच्या मधली पोकळी पोरांनी कशानं भरायची? हा 'मुळशी पॅटर्न'चा खरा प्रश्न आहे, आणि तो अस्सल आहे.

पण खरं बोलायला हवं. त्या सिनेमानंच पोरांच्या हातात दुसरीही गोष्ट दिली. गाणं असं ठसकेबाज, चालणं असं ऐटीचं, की वरातीत डीजेवर तेवढंच वाजलं आणि बाप विसरला गेला. २०२१ मध्ये त्याचा हिंदी अवतार आला, 'अंतिम'. त्यात सलमान खान पोलीस अधिकारी झाला, आणि शर्ट काढून मारामारीसुद्धा झाली. त्या पिळदार अंगांसमोर जमिनीचा प्रश्न मला तरी मागच्या रांगेत गेलेला दिसला.

मग सिनेमे बंद करायचे का? मुळीच नाही. बंद केले तर मोबाइलवर एकटा बघेल, आणि तेवढा स्टाईलचाच तुकडा बघेल. मोबाइलवर पूर्ण सिनेमा येतो कुठं? येते ती तीस सेकंदांची ऐट. शेवट कापलेला असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की पोरांसोबत बसून पूर्ण सिनेमा पाहा आणि मधे मधे प्रश्न विचारा. हा कमावतो काय? याची आई कुठं आहे? आणि हो, याचा शर्ट धुतं कोण?

पुतण्यानंही एक प्रश्न विचारला होता. "ताई, आता हे लोक असतात का तिकडं?" मुलीनं त्याला सांगितलं, की १९६० च्या दशकात जपानात असे टोळीवाले पावणेदोन लाखांच्या वर होते. २०२३ च्या अखेरीला ते वीस हजारांच्या आसपास उरले. कायदे कडक होत गेले. २०११ पर्यंत देशभर असे नियम आले, की टोळीवाल्याशी व्यवहार करणंच अवघड झालं. त्याला बँकेत खातं उघडता येत नाही, स्वतःच्या नावानं मोबाइल घेता येत नाही, घर भाड्यानं मिळणंही मुश्कील. सिनेमातला तो ऐटबाज माणूस प्रत्यक्षात साध्या फॉर्मवर सही करायला घाबरतो.

फॉर्म म्हटल्यावर पोरगं खाली बघायला लागलं. त्यालाही एक फॉर्म भरायचाच आहे.

त्याच्या प्रकरणाचं काय होईल, मला सांगता येत नाही. तारखा सुरू आहेत. कदाचित भरती साधेल, कदाचित नाही. जाऊ अजून रात्री नीट झोपत नाही. पोरगं मात्र पहाटे पाचला उठून पळायला जातंच. परवा मी अंगणात सडा टाकत होते. तो आला, घामेजलेला बनियन काढला आणि न सांगता नळाखाली धरून चोळायला लागला.

मी काही बोलले नाही. साबणाची वडी तेवढी पुढं सरकवली.