धुकं असू द्या की!

जुन्या वस्तूला पॉलिश मारल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही, अशा लोकांचा एक वर्ग आहे. २००४ साली त्यांनी 'मुघल-ए-आझम' रंगवला. आता त्यांची नजर आमच्या 'रोड रॅश'वर आहे. मोटारसायकलींच्या शर्यतीचा हा खेळ १९९६ साली पीसीवर आला. तो आजच्या झगमगीत चित्रांनी नव्याने काढा, अशी मागणी करणारे कोण? तर घरकर्जाचे हप्ते फेडणारे, माझ्याच वयाचे गृहस्थ! माझा त्यांना साफ विरोध आहे.

कारण त्या खेळात धड काहीच दिसत नसे, हीच तर त्याची गंमत. झाड म्हणजे एक हिरवा डाग. रस्ता म्हणे कॅलिफोर्नियातला. पण जळगावात तासाच्या बोलीवर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या आम्हा पोरांना तो एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाणारा हायवेच वाटायचा. शेजारच्याला लाथ घालायची, साखळी फिरवायची, पोलिसाने धरलं तर दंड भरायचा. यात परदेशी ते काय? पडलेला गडी उठून गाडीकडे धावत सुटला, की मागून कुणीतरी ओरडायचं, "भो, पारोळा आलं वाटतं!" आता त्या डागात पान न् पान दिसू लागलं, तर ते झाड कॅलिफोर्नियाचंच होणार. मग पारोळ्याने कुठे जायचं?

हा नुसता म्हातारचळ नव्हे. २०२१ साली 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे तीन जुने खेळ असेच चकाचक करून विकायला काढले. त्यातल्या 'सॅन अँड्रियास'मध्ये पूर्वी लांबवर धुकं असे. जुन्या यंत्राची ताकद तोकडी, म्हणून लांबचं झाकायचं. पण त्यामुळे मुलूख अफाट वाटे. नव्यात धुकं काढलं आणि एका शहरातून चक्क दुसरं शहर दिसू लागलं. (धुळ्याच्या गच्चीवरून जळगाव दिसलं, तर एस.टी.त कोण बसेल?) शेवटी कंपनीने जाहीर माफी मागितली.

तेही एकवेळ चाललं असतं. पण नवं खपावं म्हणून जुने खेळ विक्रीतूनच काढले होते! लोकांनी बोंब मारली, तेव्हा ते पीसीसाठी परत आले. अहो, आमच्या बँकेत खाती संगणकावर चढली, तेव्हा जुनी लेजरं आम्हीसुद्धा जाळली नाहीत. आणि बँकेला काही कुणी रसिक म्हणत नाही.

तेव्हा 'रोड रॅश' खुशाल नवा काढा. पण आधी जुना, डागांसकट, आजच्या यंत्रावर चालेल असा विकायला ठेवा. पैसे मी मोजून देतो. तेवढं येतं मला.