बिनकमिशनचा दिरहम

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पैशातलं सगळं कळतं, असा एक गैरसमज आमच्या कोंडाण्यात फार वर्षांपासून आहे. तो मी कधी दूर केला नाही. गैरसमज आपल्या फायद्याचा असेल तर तो दूर करण्याची घाई करू नये, एवढं शहाणपण कॉमर्सच्या पदवीबरोबर मला फुकट मिळालं होतं. वास्तविक मी पासबुकं छापतो, पीककर्जाचे कागद लावतो आणि "सर्व्हर डाउन आहे" हे एकच वाक्य दिवसातून चाळीस वेळा निरनिराळ्या चालींवर म्हणतो. डॉलर, पौंड आणि दिरहम यांची नि माझी ओळख वर्तमानपत्राच्या आतल्या पानापुरती.

पण धाकटी बहीण लग्न होऊन दुबईला गेली आणि गेल्या हिवाळ्यात आईनं तिच्याकडे जायचं ठरवलं. आईची अट एकच : "लेकीच्या घरी जायचं तर आपल्या पैशानं. जावयापुढं हात पसरायचा नाही." तिनं घरचं 'कर्जत-३' भात विकलं आणि चाळीस हजार रुपये रुमालात बांधून माझ्या हातात ठेवले. "तिकडच्या नोटा करून आण. तू बँकेतला."

आता शहाण्या माणसानं आठ दिवस आधी चार ठिकाणी भाव विचारले असते. मी मात्र बँकेतला! "विमानतळावर मिळतात की, दोन मिनिटांचं काम," असं म्हणून मी निश्चिंत राहिलो. विमानतळावर गेल्यावर आई म्हणाली, "मी येऊ का बरोबर?" मी म्हटलं, "तू बस गं. हे व्यवहारातलं काम आहे."

काउंटरवर ठळक अक्षरांत पाटी होती : 'शून्य कमिशन'. ती वाचून मला गहिवरूनच आलं. या जगात वाणी, दलाल, लग्न जमवणारे, जागा दाखवणारे, सगळे कमिशन घेतात. आणि हे टाय लावलेले गृहस्थ मध्यरात्री जागून माझ्या आईसाठी फुकट नोटा मोजताहेत! मी १,५०० दिरहम घेतले. पावती झाली ३९,६०० रुपयांची. खाली जीएसटी : ७१ रुपये. तो पाहून मात्र माझं पित्त खवळलं. कर, कर, कर! माणसानं जगायचं की नाही? मी सरकारच्या नावानं पाच मिनिटं बोललो, काउंटरवाल्याचे दोन वेळा आभार मानले आणि उरलेल्या ३२९ रुपयांत विमानतळावरचा एक चहा घेऊन तो आईबरोबर अर्धा अर्धा प्यालो.

दुबईत मेहुण्यांनी पावती पाहिली. ते स्वभावानं गरीब आहेत. म्हणून आधी नुसतेच खोकले. मग म्हणाले, "दादा, काल बाजारात दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास होता. तुम्हाला सव्वीस रुपये चाळीस पैशांना पडला."

दर दिरहमामागे दोन रुपये चाळीस पैसे. एकूण ३,६०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. म्हणजे आईनं चिखलात उभं राहून लावलेलं, कापलेलं, झोडलेलं दीड क्विंटल भात मी त्या काउंटरवर सांडून आलो होतो. आणि वर थँक्यू म्हणालो होतो!

मला राग येतो तो याचा. सरकारनं ७१ रुपये घेतले, पण ते छापून घेतले. कितीवर, कशासाठी, सगळं पावतीवर. ज्यानं ३,६०० घेतले त्यानं 'शून्य' छापलं. जो सांगून घेतो त्याला आपण शिव्या देतो आणि जो न सांगता घेतो त्याला सलाम करतो. कमिशन शून्य होतंच हो. ते बिचारं भावाच्या पोटात जाऊन बसलं होतं. दूधवाल्यानं "पाण्याचे पैसे घेत नाही" अशी पाटी लावावी, तसला हा प्रकार.

तुम्ही म्हणाल, त्यांना जागेचं भाडं आहे, रात्रपाळीचे पगार आहेत. आहेत ना! मी स्वतः पगारावर जगतो, दुसऱ्याच्या पगारावर कशाला उठू? घ्या पैसे, पण लिहून घ्या. कुणी म्हणेल, भाव सारखा हलतो. दिरहम तर १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा खुंटीला बांधलेला आहे. हलतो तो आपला रुपया. पण तोही दिवसाकाठी काही पैशांनी हलतो, अडीच-अडीच रुपयांनी उड्या मारत नाही. बरं, परत येताना उरलेले २०० दिरहम मी मोडले, तेव्हा तसल्याच पाटीखाली भाव मिळाला २१ रुपये ६० पैसे. जाताना चढलेला दिरहम येताना एवढा कसा उतरला? त्याला काय आमच्यासारखाच प्रवासाचा शीण झाला होता?

आणि वाटेत माझी दुसरी फजिती झाली ती वेगळीच. तिथल्या एका दुकानात ३०० दिरहमांचं अत्तर घेऊन मी कार्ड पुढे केलं, तर यंत्रानं विचारलं : पैसे रुपयांत द्यायचे की दिरहमांत? माझा देशाभिमान उसळला. त्यालाही इतिहास होता. एके काळी दुबईत आपलाच रुपया चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी खास वेगळ्या नोटा काढल्या. ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून साडेसात रुपयांवर गेला, आणि त्याच साली दुबईनं आपल्या रुपयाला रामराम ठोकला. तो रुपया परत आलेला पाहून मी अभिमानानं 'रुपये' हे बटण दाबलं. ७,२०० च्या जागी ७,६५० लागले. दिरहम निवडला असता तर माझ्या कार्डाच्या बँकेनं परदेशी व्यवहाराचा आपला आकार लावला असता. पण त्याचा टक्का आधी वाचता तरी येतो. 'रुपये' म्हटलं की भाव दुकानाच्या बाजूचा माणूस ठरवतो, आणि काही कार्डं त्यावरही पुन्हा आकार घेतात. परदेशात यंत्रानं विचारलं तर निमूट तिथलं चलन सांगावं. देशाभिमान घरी येऊन दाखवावा.

डिसेंबरात मेहुणे सुट्टीवर आले. त्यांना गावच्या लेण्यांत घेऊन गेलो. राजमाचीच्या पायथ्याशी, रानात, दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी. चैत्याच्या दर्शनी भागाशेजारी फुटक्या यक्षमूर्तीजवळ एक ओळ कोरलेली आहे : कण्हाचा शिष्य बालक यानं हे केलं. केलं ते नाव घालून केलं! मला लगेच नाशिकची पांडवलेणी आठवली. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात यानं आपल्या दानाचा हिशेब कोरून ठेवलाय : सत्तर हजार कार्षापण, म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण या भावानं. विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवींचं व्याजसुद्धा लिहिलंय : एकीकडे महिना एक टक्का, दुसरीकडे पाऊण. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, अशीही नोंद आहे. म्हणजे सोन्याचांदीच्या नाण्यांचा भाव छिन्नीनं दगडात खोदण्याची ज्यांना लाज वाटली नाही त्यांच्याच मुलुखात आज फरकाचा एक आकडा कागदावर छापायला शाई पुरत नाही!

माझी मागणी फार मोठी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर सरकार मोजून आठ डॉलर ठेवी. आज वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एवढे मोकळे झालो आहोत, तर पाटीवर आणखी एक रकाना मोकळा करा. आजचा बाजारभाव अमुक, आमचा भाव तमुक, फरकाचे तुमचे इतके रुपये जाणार. आणि तो फरक पावतीवर, जीएसटीच्या शेजारी, तेवढ्याच ठळक टायपात. मग खुशाल 'शून्य कमिशन' लिहा, मी स्वतः पाटीला हार घालीन. तोवर नोटा निघण्याआधीच घ्याव्यात, दोन-तीन परवानाधारकांना विचारून. आणि विचारताना कमिशन विचारू नये, एवढ्या दिरहमांना सगळं धरून एकूण किती रुपये द्यायचे, ते विचारावं.

हा शेवटचा प्रश्न मला बँकेनं शिकवला नाही. तो मी परवा ऐकला. भाताचा व्यापारी आमच्या खळ्यात आला होता. त्यानं बोटं मोडत सुरुवात केली, "आजी, आपल्याकडं हमाली नाय, तोलाई नाय, कमिशन तर बिलकूल नाय!"

आई सुपातलं भात पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "ते ऱ्हाऊ दे रे बाबा," ती म्हणाली. "क्विंटलामागं हातात किती देशील ते सांग."

व्यापारी डोकं खाजवू लागला. मी ओटीवर बसून पेपर वाचत होतो. तो जरा आणखी वर धरला.