कारवान घरात पाळावा का?

आमच्या घरी कुत्री आहे असे सांगितले की वर्गमित्रांचा पहिला प्रश्न असतो, "कोणती? लॅब्रॅडॉर का पॉमेरेनियन?" 'कारवान' हे उत्तर ऐकून शहरातले मित्र गप्प बसतात, परंतु चाकूर-अहमदपूरकडचे मित्र एकदम पुढे सरकतात आणि म्हणतात, "अरे, ती शिकारीची जात! तिला घरात कशाला कोंडलीस?" ह्या प्रश्नाचे उत्तर मला दोन वर्षे नीट देता आले नाही. आज देण्याचा प्रयत्न करतो.

कारवान ही आपल्या भागाची जात. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव ह्या कुत्र्यांसाठी लांबवर ओळखले जाते. अफगाणिस्तान-इराणकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ह्यांचे पूर्वज दख्खनमध्ये उतरले आणि 'कारवाँ' ह्या शब्दावरून हे नाव पडले, असे मानतात. कानांना आणि शेपटीला रेशमासारखी झालर असली तर तोच पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकात ह्याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला आश्रय दिला. पुढे २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली सैन्याने मेरठला शिक्षणासाठी पिल्ले नेली, तीही मुधोळ म्हणूनच. आपल्या लातूरकरांना हे नाव जरा झोंबते, पण तो भांडणाचा विषय इथे नको.

शिवाय ह्या मातीत कुत्रा नुसता राखणदार नाही. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. देवाचे वाघ्ये स्वतःला मल्हारीचे कुत्रे म्हणवून घेत आणि कोटंब्यातून कुत्र्यासारखे चाटून खात, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे, गाढवे, उंट ह्यांचा बाजार भरतो, तसे अश्व-श्वान-कुक्कुट प्रदर्शनही भरते. म्हणजे आपल्याकडे कुत्रा देवाच्या पायाशी बसलेला आहे. प्रश्न आहे तो आपल्या दोन खोल्यांत त्याला जागा आहे का, एवढाच.

आमची हरणी (हे नाव आजीने ठेवले, शिकारी कुत्रीला हरणी म्हणणे आजीलाच सुचावे!) काकांनी गावाकडून आणली तेव्हा अडीच महिन्यांची होती. आम्ही लातुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिले पाच-सहा महिने कौतुकात गेले. मग ती अंगाने वाढली आणि घरात रोज काहीतरी घडू लागले. गादी फाडली, वडिलांचे तीन जोडे संपवले, माझ्या राज्यशास्त्राच्या वहीचा भुगा केला. दुपारी घरी कोणी नसले की दार ओरबाडी. आम्ही तिला साखळीने गॅलरीत बांधू लागलो. बांधल्यावर ती जास्तच बिथरली. शेवटी वडील म्हणाले, "काकाला निरोप धाड. घेऊन जा म्हणावं."

त्याच आठवड्यात वाईट गोष्ट घडली. शेजारच्या काकूंची मनी नावाची मांजर जिन्यात बसली होती. दार उघडे राहिले आणि हरणी सुटली. चार पायऱ्यांत सगळे संपले. मी धावलो, पण पोचेपर्यंत उशीर झाला होता. काकू रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी मनीला जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि दार लावून घेतले. तीन महिने त्या आमच्या आईशी बोलल्या नाहीत.

काका आले ते कुत्री न्यायलाच. पण त्यांनी आधी एक प्रश्न विचारला, "पोरा, तिला पळवतोस का?" मी म्हणालो, रोज संध्याकाळी कॉलनीला एक फेरी मारतो. काका हसले. "ते चालणं झालं. पळणं कुठं झालं?" दुसऱ्या दिवशी पहाटे ते आम्हांला गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या चहूबाजूंनी तारकुंपण असलेल्या रिकाम्या शेतात घेऊन गेले. पट्टा सोडला. हरणी कशी पळते हे मी आठ महिन्यांत प्रथमच पाहिले. ह्या जातीचे सारे शरीरच त्यासाठी आहे. छाती खोल, कंबर आत गेलेली, पाय लांब. वेगात असताना एका झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात, एकदा अंग आखडल्यावर आणि एकदा ताणल्यावर. हुंगत माग काढणारे हे कुत्रे नव्हे. ते डोळ्यांनी पाहते आणि पळणाऱ्या वस्तूमागे सुटते. जिन्यात मनी पळाली नसती तर कदाचित वाचली असती.

वीस मिनिटे ती पळाली असेल. घरी येऊन भाकर-दूध खाल्ले आणि झोपली ती दुपारपर्यंत. गादीकडे पाहिलेसुद्धा नाही.

इथे माझे मत स्पष्ट सांगतो. कारवान घरात अवश्य राहू शकतो. किंबहुना ज्या जाती आपण हौसेने आणतो त्यांच्यापेक्षा बरा राहतो. त्याची ताकद दिवसभर पुरवून वापरायची नसते. ती थोड्या वेळात उधळायची असते, आणि ती उधळली की हे जनावर विलक्षण शांत होते. उगाच भुंकत नाही. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, पण घरच्या माणसांत ते सावलीसारखे वावरते. इंग्लंडमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले ग्रेहाउंड घरोघर सांभाळायला देतात. त्यासाठी १९७५ साली तिथे संस्थाच निघाली आणि शर्यतीचे ते कुत्रे दिवाणखान्यात सुखाने लोळू लागले. कारवान त्याच पठडीतला.

आणि हवामानाचा विचार कोणी करत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हा लातूर जगले. अशा गावात बर्फातल्या केसाळ कुत्र्याला कूलरपुढे बांधणे ही हौस आहे का छळ, हे ज्याचे त्याने ठरवावे. कारवानच्या अंगावर आखूड केस, चरबी नावाला. उलट थंडीत त्याच्यावर पोते घालावे लागते.

तरीही चाकूरकडच्या मित्रांचा आक्षेप खोटा नाही. त्यांचे म्हणणे, ह्याचे काम शिकार, ते काढून घेतले तर उरले काय? परंतु ते काम १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गेले. हरणाची शिकार गुन्हा, सशाची शिकारही गुन्हा. तरी काहीजण अजून कुत्रे घेऊन रानात जातात आणि पराक्रम म्हणून सांगतात. माझ्या दृष्टीने जातीचे खरे नुकसान ते आणि त्यांच्याइतकेच दुसऱ्या टोकाचे लोक करतात. हे दुसरे लोक सडपातळ रूपाला भुलून पिल्लू पुण्या-मुंबईला नेतात, आमच्यासारखे गॅलरीत बांधतात आणि वर्षाच्या आत सोडून देतात. आम्हीही ते करायच्या बेतात होतोच.

म्हणून मला वाटते, माळेगावच्या प्रदर्शनात कुत्र्याचे नुसते रूप पाहून बक्षीस देण्याऐवजी पळण्याची परीक्षा ठेवावी. जिवंत ससा नको. दोरीला चिंधी बांधून चरख्याने ओढली तरी कारवान तिच्यामागे जीव तोडून धावतो. आम्ही सायकलचे चाक उलटे करून तसा चरखा केला आहे. लातूर-नांदेडसारख्या शहरांत एखादे कुंपणाचे मैदान पहाटे तासभर अशा कुत्र्यांसाठी खुले ठेवले तर कितीतरी साखळ्या सुटतील. आणि पिल्लू विकणाऱ्याने गिऱ्हाईकाला किंमत सांगण्याआधी, ते पळवणार कुठे हे विचारावे. काकांनी आम्हांला ते विचारले नव्हते. त्यांनाही आता त्याची खंत आहे.

एक गोष्ट मात्र कितीही पळवले तरी बदलत नाही. समोरून लहान जनावर पळाले की हरणीचे कान आजही ताठ होतात. ज्यांच्या घरात मांजर किंवा कोंबड्या आहेत त्यांनी कारवान पाळू नये, असे मी सरळ सांगतो. मग तो कितीही आवडो. मोकळ्या रस्त्यावर तिचा पट्टा मी कधीच सोडत नाही.

काका तिला न घेताच परत गेले. काकू आता आईशी बोलतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी नवे पिल्लू आणले, पांढरे, एका डोळ्याभोवती काळा ठिपका असलेले. पहाटे पावणेपाचला आम्ही निघतो तेव्हा मी आधी त्यांच्या दारावर टकटक करतो. आतून "हं, धरलंय" असे ऐकू येते. मग आम्ही जिना उतरतो.