आपला सूर कोठून येतो?

आपलें संगीत कोणतें, असें विचारल्यास पुष्कळ जण उत्तर देतात कीं, ज्यांत परकें कांहींच मिसळलेलें नाहीं तें. हें मत मला मान्य नाहीं.

अमेरिकेकडे पाहा. तेथील संगीतगृहें दीर्घकाळ युरोपच्या रचनांवरच पोसलीं. 1892 सालीं बोहेमियाचे संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय संगीतविद्यालयाचे संचालक म्हणून आले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं सांगितलें कीं, या देशाच्या भावी संगीताचा पाया कृष्णवर्णीयांच्या गीतांवर घातला पाहिजे. हींच गीतें 1871 पासून फिस्क विद्यालयाचे विद्यार्थी आपल्या संस्थेसाठीं निधि जमवीत गांवोगांव गात होते. त्या पहिल्या गायकांपैकीं बहुतेकांनीं गुलामगिरी भोगिली होती. ज्यांना समाजानें दाराबाहेर ठेविलें, त्यांच्याच कंठांत राष्ट्राचा सूर होता.

आतां घराकडे वळूं. तासगांवाहून सांगली ती कितीशी दूर? तेथें 1843 सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणिलें. त्याची प्रेरणा कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची. 1880 सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ‘शाकुंतल’ केलें. तें पारशी मंडळीचें नाटक पाहून सुचलें, परंतु पदें बांधलीं साकी, दिंडी, लावणी अशा घरच्या चालींवर. ज्या लावणीच्या फडाकडे सभ्य गृहस्थ नाक मुरडीत, तिचाही सूर असा प्रतिष्ठित मंचावर आला. पुढें 1911 सालीं ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेच्या ठुमरीच्या ढंगाच्या चाली दिल्या. साथीची पेटी तर मुळांत युरोपची. तरीही नाट्यपद कानीं पडतांच तें मराठी म्हणून ओळखूं येतें. रेव्ह. नारायण वामन टिळक (1861–1919) यांनीं अभंग-ओव्यांत गाइलेली ख्रिस्तभक्तिही अशीच मराठी आहे.

यावरून माझें मत असें कीं, उसनें घेण्यांत कमीपणा नाहीं. घरच्या सुराची लाज वाटण्यांत आहे. आज संमेलनांत तयार ध्वनिमुद्रित गाण्यांवर मुलें नाचतात. त्यांस माझी हरकत नाहीं. परंतु जात्यावरची एकही ओवी ज्यास ठाऊक नाहीं, तो बाहेरचें गाणें घेऊन त्यांत आपलें काय मिसळणार?

म्हणून पालकांस विनंती कीं, घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस गातें करावें. आणि विद्यार्थ्यांनो, त्या ओव्या, शेजारच्या धनगराचीं गाणीं, शाहिराचा पोवाडा चालीसह शिकून घ्या व वहींत उतरून ठेवा. पुढील संमेलनांत त्यांतील दोन तरी तुमच्या तोंडून ऐकण्याची मी वाट पाहीन.